तीनदा नाही म्हणावं

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला इथूनच साष्टांग नमस्कार. (गुडघे तुमचे दुखतात आणि जमिनीवर मी पडायचं, ही आपल्या घरातली कामाची वाटणी जुनीच आहे.) मी धडधाकट आहे. हे पत्र हातात पडेल तेव्हा तुमचे दोन्ही गुडघे, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि माझ्यावरचा राग आपापल्या जागी, फारशी वाढ न होता असावेत अशी इच्छा आहे. शेजारच्या मोबाईल कव्हरवाल्याची खुशाली विचारत नाही. एक तारखेपासून आपलं दुकान मिळणार म्हटल्यावर तो खुशालच असणार. तो आत्तापासूनच टेप घेऊन मापं काढायला येत असेल, तर त्याला एवढंच सांगा की काउंटरचा डावा खण ओढून उघडत नाही, त्याला आधी गुडघ्याने ढुशी द्यावी लागते. बावीस वर्षांत तुम्ही मला न ओरडता शिकवलेली ही एकमेव गोष्ट आहे, ती वाया जायला नको.

एवढं मोठं पत्र कशाला, फोन करायचा, असं तुम्ही म्हणाल. दुकानातला फोन तुम्ही ‘ज्याला नाणं हवं तो पायाने येईल’ असं म्हणून काढून टाकलात, आणि मोबाईल तुम्ही कव्हरवाल्याच्या रागापायी घेत नाही. (राग त्याच्यावर, दुकानही त्यालाच. हे गणित मी सोडवायचा प्रयत्न सोडून दिला आहे.) मावशीकडे निरोप द्यावा, तर तो तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात तिचे स्वतःचे दोन निरोप घातलेले असतात. राहता राहिलं पत्र. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, जलद टपालाने चार दिवसांत पोचेल. मी मात्र दहा दिवसांनी पोचेन, कारण तुम्ही स्वस्त पाहून काढलेलं परतीचं तिकीट तेव्हाचं आहे. तोवर एक तारीख उलटून गेलेली असेल. म्हणून म्हणतो, सही करायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा. चाळू नका. नाणं परातीत टाकून आवाजावरून पारखता तसं तर मुळीच करू नका.

निघताना तुम्ही मावशी, मावसोबा आणि तो कव्हरवाला अशा तिघांच्या साक्षीने जे बोललात ते मला पाठ आहे. परदेशातल्या नाण्यांच्या जत्रेत टेबल मांड, पेटीतलं एकशे सात नंबरचं उलट्या सालाचं नाणं चांगल्या भावाला विकून दाखव, दुकान तुझं. नाही जमलं तर एक तारखेला दुकान कव्हरवाल्याला, आणि तू पण त्याच्याकडेच राहा, काचा पुसायला माणूस लागेलच. त्यावर कव्हरवाला हसला, मावसोबा हसले आणि मी पण हसलो. (मला वाटलं होतं सगळे थट्टा करताहेत.) मामा, मी चाळीस वर्षांचा आहे. मला नाण्यांशिवाय दुसरं काही येत नाही, आणि नाणी येतात असं तुम्ही कधी म्हटलेलं नाही. तुम्ही मला ‘गुळगुळीत’ म्हणता, दोन्ही बाजूंनी झिजलेला, कुठली बाजू वर आहे तेच कळत नाही असा. त्यामुळे ही जत्रा माझ्यासाठी सहल नव्हती, हे तुमच्या लक्षात असावं.

सुरुवात इथल्या विमानतळावरच झाली. कस्टमच्या साहेबाने पेटी उघडली आणि मालाची यादी मागितली. यादी तुम्ही स्वतःच्या हस्ताक्षरात केलेली. साहेबाने ती आधी सुलटी धरली, मग उलटी धरली आणि उलटीच ठेवली, त्याला तशी बरी लागत असावी. मग मी एकेक ओळ सांगत गेलो. किमतीच्या रकान्यात तुम्ही एकशे चाळीस वेळा ‘अमूल्य’ लिहिलं आहे. अमूल्य मालावर कर किती लावायचा याचं त्याच्या पुस्तकात उत्तर नव्हतं, म्हणून त्याने वरच्या साहेबाला बोलावलं. वरच्या साहेबाला ‘कुणाकडून घेतलं’ हा रकाना फार आवडला. लंगडा घड्याळजी. वारलेल्या वकिलाची दुसरी बायको. बसचा कंडक्टर, सुट्टे नव्हते म्हणून. एकशे एकोणचाळीस नाण्यांचा सबंध इतिहास तुम्हाला तोंडपाठ आहे (तुमच्या स्मरणशक्तीपुढे मी हात टेकलेत, माझ्या नापास झालेल्या सगळ्या परीक्षाही तीत जशाच्या तशा आहेत) आणि रकाना रिकामा कुठे, तर नेमका एकशे सातपुढे. साहेबाचं बोट तिथेच थांबलं. बाकी सगळी कुणाकडून तरी आली, मग हे एकच आकाशातून पडलं का? मी म्हटलं, मामांना आठवत नाही. ज्यांना कंडक्टर आठवतो त्यांना हे आठवत नाही? तीन तास मी त्याच्यापुढे तुमच्या वतीने शपथा घेतल्या. शेवटी त्याने शिक्का मारला, दार लावून घेतलं, खिशातून रुमालात बांधलेलं एक तांब्याचं नाणं काढलं आणि विचारलं, आजोबांचं आहे, किती येतील?

ते नाणं मी नंतर इतक्या वेळा पाहिलं की आता मला ते स्वप्नातही ओळखता येईल. टॅक्सीवाल्याच्या आजोबांनी तेच ठेवलं होतं, ज्या घरात खोली घेतली त्या बाईंच्याही आजोबांनी, आणि पत्राला किती तिकिटं लागतील ते विचारायला गेलो तेव्हा पोस्टातल्या बाईंनी पर्समधून काढलं तेही तेच. या देशातल्या सगळ्या आजोबांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून सुट्टे घेतले असावेत. खोलीवाल्या बाईंना मी खरं सांगितलं, की याचे एक कप चहाचेसुद्धा येणार नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीतलं गरम पाणी बंद झालं.

आता जत्रेचं ऐका. जत्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं इथे काहीही नाही. एक भलंमोठं सभागृह, आत दीडशे टेबलं, त्यांवर हिरवं कापड, आणि दवाखान्यात असते तशी शांतता. लोक येतात, वाकतात, भिंग लावतात, एक शब्द न बोलता पुढच्या टेबलाशी जातात. माझं टेबल जिन्याखाली, संडासाच्या दाराला लागून. (सगळ्यात स्वस्त जागा हीच होती, हे तुम्हाला ठाऊक असणार, फॉर्म तुम्हीच भरलात.) प्रत्येक टेबलावर एक छान वाकडा दिवा होता. माझ्या टेबलावर नव्हता. ‘प्रामाणिक नाण्याला दिवा लागत नाही, दिवा लावतो तो चोर’ असं सांगून तुम्ही माझ्या पिशवीतून दिवा काढून ठेवला होतात. जिन्याखाली आपली एकशे चाळीस प्रामाणिक नाणी अंधारात बसून होती आणि समोरचे चोर लखलखत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आजींना दया आली. त्या दिवसभर लोकर विणतात आणि विणता विणता नाणी विकतात. त्यांनी आपला जादाचा दिवा माझ्याकडे सरकवला. दिव्याखाली एक नाणं उलटसुलट करून पाहिलं, मान हलवली आणि दिव्याचं तोंड थोडं दुसरीकडे वळवलं. तोही एक व्यावसायिक सल्लाच होता.

नंतर कळलं, की या जत्रेतला खरा धंदा लोकांना दारं उघडायच्या आधी तासभर होतो. व्यापारी एकमेकांच्या टेबलांवर फिरतात, चांगला माल आपसात इकडचा तिकडे करतात आणि दारं उघडतात तेव्हा गिऱ्हाइकाला उरलंसुरलं दाखवतात. तो तासभर मी कुठे होतो? चहाच्या रांगेत. तुम्हीच सांगितलं होतं, दुकान उघडायच्या आधी कुणाशी नाण्यांबद्दल बोलू नये, भाव पडतो. मी चहावाल्याशीही बोललो नाही, नुसतं बोट दाखवलं. त्याने कॉफी दिली.

आणि मग ती तुमची थोर पद्धत. बावीस वर्षं मी ती डोळ्यांनी पाहत आलोय आणि तिच्याइतकं पवित्र मला दुसरं काही वाटलेलं नाही. गिऱ्हाइकाने चांगलं नाणं मागितलं, की पहिल्यांदा नाही म्हणावं. त्याने भाव वाढवला की दुसऱ्यांदा नाही म्हणावं, थोडं दुखावल्यासारखं. तिसऱ्यांदा नाही म्हणताना नाणं पेटीत परत ठेवावं आणि खिडकीबाहेर बघावं. मग गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं, चहा येतो, घरच्यांची चौकशी होते आणि चौथ्यांदा सौदा होतो. आपल्या गावात शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक आहे. तर पहिल्या दिवशी अकरा वाजता एक उंच गृहस्थ आले, त्यांनी एकशे सात पाहिलं, चक्क योग्य भाव सांगितला. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, माफ करा, आणि गेले. मामा, ते खरोखरच गेले. मी पाच मिनिटं दुखावल्यासारखा चेहरा करून बसलो होतो. बारा वाजता टोपीवाली एक बाई आली, मी नाही म्हटलं, तिने आभार मानले आणि गेली. तीन वाजता एका व्यापाऱ्याने सर्वांत मोठा आकडा सांगितला. मी ठरवलं होतं की या वेळी हो म्हणायचं, पण बावीस वर्षांची सवय, तोंडातून नाहीच बाहेर पडलं, आणि वर मी खिडकीबाहेर बघायला मान वळवली. खिडकी नव्हती. संडासाचं दार होतं, त्यातून एक गृहस्थ बाहेर येत होते, ते विनाकारण ओशाळले. मान परत वळवली तोवर व्यापारी चार टेबलं पुढे गेला होता. पहिल्या दिवशी मी एकूण नऊ वेळा नाही म्हटलं, नऊ वेगवेगळ्या माणसांना. लोकरवाल्या आजींनी संध्याकाळी विचारलं, तुम्ही हे सगळं प्रदर्शनासाठी आणलंय का?

दुसऱ्या दिवशी दस्तऐवज आला. त्या गृहस्थांचं नाव मी वहीत लिहून घेतलं आहे, पण ते उच्चारायला जो घसा लागतो तो आपल्या घराण्यात नाही. मी त्यांना दस्तऐवजच म्हणतो, कारण ते इथल्या विद्यापीठात आपल्या भाषेतली जुनी कागदपत्रं वाचतात आणि आपली भाषा बोलतातही, पण ती कागदपत्रांतलीच. टेबलाशी येऊन म्हणाले, ‘आपले चरणी विज्ञापना ऐसी जे, सदरहू नाणियांसमवेत चिठिया असतील तर अवलोकनास द्याव्या.’ मला वाटलं जमिनीची मोजणी आली. मग कळलं, इकडे जुन्या नाण्यासोबत जुन्या मालकाची चिठ्ठी असली तर तिला नाण्याएवढाच मान असतो. आपल्याकडे प्रत्येक पाकिटात चार घड्यांची चिठ्ठी असतेच. तुम्ही सांगायचं आणि मामींनी लिहायचं, कारण तुमचं अक्षर कसं आहे ते कस्टमच्या साहेबालाही माहीत आहे. पण ती चिठ्ठी मी बावीस वर्षांत एकदाही उघडलेली नाही. ‘ज्याने चिठ्ठी वाचली त्याने नाणं पाहिलंच नाही’ हा तुमचा नियम. आणि तुम्ही स्वतः उघडायचा प्रश्नच नव्हता, तुमचंच बोलणं तुम्ही कशाला वाचाल. म्हणजे चाळीस वर्षं त्या चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या आणि वाचल्या कुणीच नाहीत. पहिला वाचक भेटला तो हा, परदेशात, संडासाशेजारी.

त्याने बारा नंबरची चिठ्ठी उघडली आणि मोठ्याने वाचली. ‘पितळ. विकणारा म्हणतो सोनं. विकणाऱ्याचा दातही सोन्याचा म्हणतो, तोही पितळ.’ दस्तऐवज इतका हसला की दवाखान्यातली शांतता मोडली. त्याने ती त्यांच्या भाषेत सांगितली. पदकं विकणारा आला, उंच गृहस्थ परत आले, टोपीवाली परत आली. पुढची चिठ्ठी: ‘चांदी, बरी. विकायला आलेल्याची बायको बाहेर रिक्षात बसली होती, आत आली असती तर दुप्पट द्यावे लागले असते.’ मामा, तुमच्या शिव्यांना परदेशात एवढी मागणी असेल हे आपल्याला आधी कळलं असतं, तर दुकानाला वरचा मजला चढला असता. अर्ध्या तासात माझ्या टेबलापुढे रांग लागली. रांग पाहून संडासाची रांग कुठली आणि माझी कुठली यावरून दोन भांडणंही झाली. मी नऊ नाणी चिठ्ठ्यांसकट विकली, एकदाही नाही न म्हणता. मनातल्या मनात मी दुकानाच्या पाटीला रंग द्यायला घेतला होता.

मग त्याने एकतीस नंबर उघडला. हा मीच वाचून दाखवतो म्हटलं, कारण ते नाणं मी ओळखत होतो. चिठ्ठीत होतं: ‘शिसं, वर मुलामा. भाच्याने शाळेतल्या पोराला कंपासपेटी देऊन घेतलं. फसला. अक्कल नाही.’ रांगेला भाषांतर मिळालं, रांग हसली. मीही हसलो, तुमच्याकडून मला दुसरं काय मिळणार होतं. पण खाली आणखी एक ओळ होती, कंसात, बारीक अक्षरात. ‘(बारा वर्षांचा आहे. कंपासपेटी मी नवी घेऊन दिली, ह्यांना कळलेलं नाही. नाणं पारखलं नाही पण सोडायलाही तयार नव्हता, म्हणजे पुढे दुकान हाच सांभाळेल. — मी)’

मी ती पुन्हा वाचली. मग दुसऱ्या पाकिटातली काढली, मग तिसऱ्या. सगळ्यांत नाही, पण पुष्कळांत कंस होते. तुम्ही सांगत होता आणि त्या लिहीत होत्या, आणि तुमचं सांगून झालं की त्या थोडं स्वतःचं लिहीत होत्या. वकिलाच्या दुसऱ्या बायकोला तुम्ही कमी पैसे दिलेत म्हणून त्यांनी मागल्या दाराने तिला स्वतःची नवी साडी दिली, हे तुम्हाला माहीत होतं का? कंडक्टरची मुलगी आजारी होती, हे? मला भर सभागृहात रडू आलं, आणि आलं हे मी कबूल करतो. लोकरवाल्या आजींनी विणकामाचं एक टोक पुढे केलं, मी त्याने डोळे पुसले.

त्यानंतर मी जे केलं ते ऐकून तुम्ही गुडघे विसरून उभे राहाल, तेव्हा आधी काहीतरी धरून ठेवा. मी जाहीर केलं, नाणी घ्या, चिठ्ठी मिळणार नाही. रांग म्हणाली, मग नाणी कशाला? आणि रांग संडासाकडे वळली. मग मी विकलेल्या नऊ चिठ्ठ्या परत आणायला निघालो. पदकवाल्याने एका चिठ्ठीच्या बदल्यात दोन नाणी मागितली, दिली. टोपीवाली म्हणाली मला ती फ्रेम करायची आहे, तिला तीन दिली. उंच गृहस्थ बस स्टॉपवर सापडले, बस आलेली होती, त्यामुळे घासाघीस करायला वेळ नव्हता, मी मूठभरून दिली. एकूण हिशेब असा, की नऊ नाण्यांसोबत गेलेल्या चिठ्ठ्या परत मिळवायला मी बावीस नाणी फुकट वाटली. जगात आजवर कुठल्याही व्यापाऱ्याने इतक्या कष्टाने इतका तोटा कमावला नसेल. पण नऊच्या नऊ चिठ्ठ्या माझ्या डाव्या मोज्यात आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दस्तऐवज फक्त एकशे सातसाठी आला. त्याच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाला ते हवं होतं, आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून आजींच्या हातून सुई पडली. तेवढ्या पैशांत दुकान माझं झालं असतं, पाटीचा रंग, नवा खण आणि वर तुमच्या गुडघ्यांचं ऑपरेशनही झालं असतं. मी म्हटलं, नाही. तो हलला नाही. त्याने आकडा वाढवला. मी म्हटलं, नाही. त्याने आणखी वाढवला. मी नाणं पाकिटात ठेवलं आणि संडासाच्या दाराकडे बघितलं. तर हा पठ्ठ्या शांतपणे खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, ‘घरी सर्व क्षेमकुशल असावे?’ मामा, त्याला पद्धत माहीत होती! जुन्या कागदांत वाचली होती म्हणे. सबंध जत्रेत तुमचं एकच खरं गिऱ्हाईक, आणि तो माझ्यासमोर बसून चौथ्या खेपेची वाट बघत होता. आणि चौथ्यांदाही मी नाही म्हटलं. तो दचकला. कागदांत असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

थोडक्यात, अट मी पाळलेली नाही. एकशे सात विकलेलं नाही, बावीस नाणी वाटून टाकली आहेत, आणि एक विकत घेतलं आहे. अटीप्रमाणे दुकान कव्हरवाल्याचं. मी तक्रार करणार नाही. काचा पुसायचं काम मला जमेल, निदान तिथे कुणी तीनदा नाही म्हणायला लावणार नाही. मावशीला नमस्कार, मावसोबांना नमस्कार, हसण्याबद्दल.

तुमचा आज्ञाधारक (ही एक आज्ञा सोडून) भाचा,
गुळगुळीत

ता. क. लोकरवाल्या आजींनी तुमच्या गुडघ्यांसाठी दोन लोकरी पिशव्या विणून दिल्या आहेत. माप नव्हतं म्हणून माझं डोकं मोजलं. सैल झाल्या तर तुमचे गुडघे माझ्या डोक्यापेक्षा बारीक आहेत एवढंच समजा, वाद घालू नका.

दुसरा ता. क. तुम्ही मला विचारणार, चौथ्यांदा नाही का म्हटलंस. एकशे सातची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवतो. ‘क्र. १०७. चांदी. साल उलटं पडलंय, टाकसाळीतला माणूस पेंगत असावा. कुठून आलं आठवत नाही. गिऱ्हाइकाला तीनदा नाही म्हणावं.’ आणि कंसात: ‘(चौथ्यांदाही नाही म्हणावं. लग्नानंतर पहिल्या वर्षी ह्यांनी मला दिलेलं आहे. बांगड्यांची ऐपत नव्हती. म्हणाले होते, साल उलटं आहे, म्हणजे आपण दरवर्षी एकेक वर्षाने तरुण होत जाऊ. माझ्या डब्यात होतं. आज काही शोधताना ह्यांना सापडलं, दुकानातलंच समजून पेटीत टाकलं, नंबरही घातला. मी काही बोलले नाही. आठवेल तेव्हा आठवेल. — मी)’ मामा, ज्यांना कंडक्टर आठवतो त्यांच्याबद्दल कस्टमच्या साहेबाने जे विचारलं तेच मी विचारणार होतो. पण आता राहू दे. नाणं माझ्या उजव्या मोज्यात आहे, तुमच्या हातात देईन. डब्यात परत ठेवा.

तिसरा ता. क. खरं काम आता सांगतो. धंदा बसला, गुडघे गेले, जमाना बदलला म्हणून दुकान बंद करतोय असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मी इथे सगळ्या चिठ्ठ्यांच्या तारखा पाहिल्या. शेवटची चिठ्ठी मामी जायच्या आठ दिवस आधीची आहे. त्यानंतर दोन वर्षांत दारात आलेल्या प्रत्येक माणसाला तुम्ही ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवलंत, आणि आपल्याकडे अकरा खण रिकामे आहेत. तुम्ही नाणी घेणं बंद केलं नाही, मामा. चिठ्ठी लिहायला कुणी उरलं नाही म्हणून तुमचं घेणं थांबलं. तर एक तारखेला सही करू नका, एवढंच मागतो. तुम्ही सांगा, मी लिहीन. शिव्या असतील तर शिव्या लिहीन. माझं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे, आणि ज्याचं तसं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

शेवटचा ता. क. मी जे एक नाणं घेतलं ते आजींकडून. त्याची चिठ्ठी मी तुम्ही असता तर कशी सांगितली असती त्या बेताने लिहिली आहे, कमीजास्त असेल तर ओरडा: ‘क्र. १४१. चांदी. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, ना साल ना राजा. भाच्याने जत्रेत घेतलं. बहुतेक फसला.’ त्याखाली एक कंस काढून आतली जागा मोकळी सोडली आहे. ती तुम्ही भरायची आहे.